इंग्रजी वाक्प्रचार शिकताना : शब्दांमागचं चित्र कसं शोधायचं

माझ्या संध्याकाळी सातच्या बॅचला एक मुलगी यायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर कॉमर्स, आणि आता नाशिकमधल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी. तिच्याकडे दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानावर मधोमध पट्टीनं आखलेली उभी रेघ, डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही. परदेशातल्या एका पुरवठादाराचे वडील वारल्याचं कळलं तेव्हा तिनं त्याला सांत्वनाची मेल लिहिली आणि वहीत बघून 'किक द बकेट' वापरला. वहीत समोर लिहिलं होतं : मरण पावणे. त्या माणसाचं उत्तर आलं नाही. आठवड्यानं तिनं ती मेल मला मोबाइलवर दाखवली आणि विचारलं, "सर, यात काही चुकलंय का?"

अर्थ बरोबर होता. चुकलं होतं ते वजन. शेजारच्या घरात कुणी गेलं तर आपण दारात जाऊन "आजोबा गचकले म्हणे" असं बोलत नाही. 'मरण पावणे', 'देवाघरी जाणे', 'खपणे', 'गचकणे' या सगळ्यांचा अर्थ एकच, पण कुणाबद्दल कुठे काय म्हणायचं हे मराठी माणसाला वेगळं शिकावं लागत नाही. 'किक द बकेट' हे इंग्रजीतलं गचकणं आहे. रेघेच्या दोन बाजूंना दोन शब्द लिहिले की नेमकी हीच गोष्ट वहीबाहेर राहते.

त्या दिवसापासून मी वाक्प्रचार शिकवण्याची पद्धत बदलली. ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, ज्यांना मीटिंगमध्ये किंवा सिनेमा बघताना शब्द कळतात पण वाक्य निसटतं, त्यांच्यासाठी ती इथे पायरीपायरीनं मांडतो आहे.

आधी एक गोष्ट नीट करून घेऊ. 'इडियम'ला आपण सरसकट 'म्हण' म्हणतो. म्हण हे पूर्ण विधान असतं : नाचता येईना अंगण वाकडं. ती एकटी उभी राहू शकते. वाक्प्रचाराला कर्ता लागतो, काळ लागतो : माझ्या तोंडचं पाणी पळालं, त्याच्या तोंडचं पाणी पळेल. इंग्रजीत 'प्रोव्हर्ब' आणि 'इडियम' यांत हाच फरक आहे. म्हण आठवड्यातून एखादी कानावर पडते, वाक्प्रचार मात्र रोजच्या बोलण्यात पावलोपावली येतात. म्हणून सुरुवात वाक्प्रचारांपासून करावी.

पहिली पायरी : अडलेलं वाक्य सबंध उतरवून घ्या

वाक्प्रचाराची खूण अशी की शब्द सगळे ओळखीचे असतात आणि तरी वाक्य लागत नाही. कठीण शब्द आला तर आपण थांबतो, डिक्शनरी उघडतो. इथे कठीण काहीच नसतं, त्यामुळे माणूस न थांबता पुढे जातो. 'ही इज अंडर द वेदर' या वाक्यातला कुठला शब्द आपल्याला येत नाही? सगळे येतात. पण 'तो हवामानाखाली आहे' याला काही अर्थ नाही. असं वाक्य आलं की थांबायचं. त्याला जरा बरं वाटत नाहीये, एवढंच म्हणायचं असतं.

वहीत फक्त तो तुकडा लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, शिवाय कोण कुणाला म्हणालं, हसत म्हणालं की वैतागून, हेही. मग डिक्शनरी उघडण्याआधी स्वतः अंदाज बांधा. अंदाज चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाज आणि खरा अर्थ शेजारी शेजारी लिहिले की तो वाक्प्रचार कायमचा लक्षात राहतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

दुसरी पायरी : वाक्प्रचार कुठल्या घरचा आहे ते बघा

'ध चा मा करणे' ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर १७७३ सालचा शनिवारवाडा येतो. त्या गोष्टीला कागदोपत्री पुरावा असो वा नसो, एका अक्षरानं कुणाचा तरी जीव गेला हे चित्र मनात असल्यामुळे आपण तो वाक्प्रचार कधी चुकीच्या जागी वापरत नाही. इंग्रजी वाक्प्रचारांमागेही अशीच चित्रं आहेत आणि ती काही ठरावीक ठिकाणांहून आली आहेत : जहाज, बायबल, रंगभूमी, घोड्यांच्या शर्यती, सैन्याच्या छावण्या, सरकारी कचेऱ्या.

यातलं सगळ्यांत भरलेलं घर समुद्राचं. इंग्लंडची सत्ता शिडाच्या जहाजांवर उभी होती, आणि खलाशांची भाषा बंदरातून गावात आली.

एप्रिल १८०१. कोपनहेगनसमोर इंग्रज आणि डॅनिश तोफा एकमेकांवर धडाडत होत्या. इंग्रज ताफ्याचा प्रमुख हाइड पार्कर मागे दूर होता आणि पुढे लढत होता त्याच्या हाताखालचा होरेशिओ नेल्सन. पार्करनं लढाई थांबवण्याचं निशाण चढवलं. नेल्सनचा उजवा डोळा १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात निकामी झाला होता. जहाजावर त्याच्याजवळ असलेल्या कर्नल स्ट्युअर्टच्या सांगण्याप्रमाणे नेल्सन म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं असण्याचा मला हक्क आहे. मग त्यानं दुर्बीण त्या निकामी डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला खरंच निशाण दिसत नाही. लढाई चालू राहिली आणि इंग्रजांनी ती जिंकली. 'टर्न अ ब्लाइंड आय' हा वाक्प्रचार आजही याच प्रसंगासकट सांगितला जातो.

आता हे चित्र अर्थ कसा पक्का करतं बघा. नेल्सनला निशाण चढलंय हे माहीत होतं. म्हणजे 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे न दिसणं नव्हे. माहीत असून न बघायचं ठरवणं. रस्त्यावरची पाटी चुकून दिसली नाही तर तिथे हा वाक्प्रचार चालणार नाही. साहेबांना कळत होतं की माल कमी भरतोय आणि तरी ते काही बोलले नाहीत, तिथे तो चपखल बसतो.

आणि आपल्याकडे यासाठी काय आहे? कानाडोळा करणे. पुष्कळांना वाटतं की हा कान आणि डोळा मिळून झालेला शब्द आहे. मूळ शब्द आहे 'काणाडोळा', आणि काणा म्हणजे एका डोळ्यानं आंधळा. नेल्सनचं नावही न ऐकलेल्या लोकांनी मराठीत तेच चित्र काढून ठेवलेलं आहे. वर्गात मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो.

'बिटर एंड' मधला 'बिटर' असाच फसवा. जहाजाच्या डेकवर नांगराचा दोर अडकवायला जाड खुंट असत, त्यांना 'बिट्स' म्हणत. नांगर समुद्रात सोडला की दोर सुटत जातो आणि खुंटाकडचा भाग जहाजातच राहतो. त्या भागाला कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२७ च्या नाविक शब्दांच्या पुस्तकात 'बिटर्स एंड' असं नाव दिलेलं आहे. दोर तिथपर्यंत आला म्हणजे सोडायला आणखी दोर उरला नाही. बायबलमध्ये 'शेवट कडू' अशा अर्थाची एक ओळ आहे, तिची चवही पुढे यात मिसळली. म्हणून 'फाइट टू द बिटर एंड' म्हणजे नुसतं शेवटपर्यंत लढणं नाही. हरतोय हे दिसत असताना, आता हाती काही उरलेलं नाही अशा टोकापर्यंत लढणं.

'थ्री शीट्स टू द विंड' मध्ये 'शीट' म्हणजे चादरही नाही आणि शीडही नाही. शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणाऱ्या दोराला शीट म्हणतात. ते सुटले की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खायला लागतं. अर्थ आता तुम्हीच सांगाल : प्यायलेला माणूस.

बायबलच्या घरचे वाक्प्रचार मराठी माणसाला जास्त चकवतात, कारण त्यांच्यासारखं दिसणारं काहीतरी आपल्याकडे असतं. 'स्केपगोट'चं भाषांतर सगळे 'बळीचा बकरा' असं करतात. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मात्र बोकड दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं उच्चारून ती त्याच्या माथी मारतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतो. हा दुसरा बोकड म्हणजे स्केपगोट. विल्यम टिंडेलनं १५३० मध्ये बायबलचा हा भाग इंग्रजीत आणताना हा शब्द घडवला. 'स्केप' म्हणजे निसटलेला. म्हणजे इंग्रजीत भर आहे दोष लादण्यावर, मराठीत भर आहे जीव जाण्यावर. दुसऱ्याची चूक ज्याच्या माथी मारली तो स्केपगोट. दुसऱ्याच्या फायद्यासाठी ज्याला पुढे करून गमावलं, त्याला इंग्रजीत 'सॅक्रिफिशियल लॅम' म्हणतील. आपण दोघांनाही बळीचा बकरा म्हणतो, म्हणून इंग्रजीत बोलताना क्षणभर थांबून ठरवावं लागतं.

हात धुण्याचंही तसंच. येशूचा न्याय करणाऱ्या रोमन सुभेदार पिलातानं लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतले आणि येशूच्या रक्ताबाबत आपण निर्दोष आहोत असं सांगितलं. तिथून 'वॉश माय हँड्स ऑफ इट' आलं, म्हणजे अंग काढून घेणं, हात झटकणं. आपल्याकडे वाहत्या गंगेत हात धुणारा माणूस नेमकं उलट करतो, संधी साधून फायदा उचलतो. शब्द एकच, दिशा उलटी. अशा जोड्या वहीत वेगळ्या शाईनं लिहाव्यात.

रंगभूमीवरची एक गोष्ट मला फार आवडते. जॉन डेनिस नावाच्या नाटककारानं १७०९ मध्ये लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात आपलं नाटक आणलं. त्यासाठी त्यानं ढगांच्या गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली होती. नाटक पडलं आणि लवकरच बंद झालं. काही दिवसांनी त्याच नाट्यगृहात तो 'मॅकबेथ'ला गेला, तर रंगमंचावर त्याचाच गडगडाट! तो संतापून ओरडला की हे लोक माझं नाटक लावत नाहीत, पण माझा गडगडाट वापरतात. 'स्टील समवन्स थंडर' तिथून आलं. दुसऱ्यानं मेहनतीनं जमवलेला क्षण त्याच्या आधीच आपण वापरून टाकणं. बहिणीच्या साखरपुड्यात भावानं उठून आपल्या प्रमोशनची बातमी जाहीर केली, तर त्यानं तिचा 'थंडर' चोरला. मराठीत 'भाव खाऊन गेला' हे जवळ जातं, पण चोरीचा डंख त्यात नाही.

शेक्सपिअरबद्दल थोडक्यात. 'ग्रीन आइड मॉन्स्टर' म्हणजे मत्सर, तो 'ऑथेल्लो'तला. 'पाउंड ऑफ फ्लेश' म्हणजे निर्दयपणे वसूल केलेला करार, तो 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला. त्या प्रवेशाची गोष्ट एकदा वाचा, अर्थ आपोआप बसेल.

शर्यतीच्या मैदानावरचा 'डार्क हॉर्स' काळा नसतो. इथे 'डार्क' म्हणजे अंधारातला, ज्याच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही असा घोडा. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या डिझरायली यांच्या १८३१ च्या कादंबरीत असाच कुणाच्या गणतीत नसलेला घोडा शर्यत मारून जातो. 'छुपा रुस्तम' हे त्याचं चांगलं मराठी.

तिसरी पायरी : जे आधीच घरात आहेत त्यांना ओळखा

नवख्या माणसाला वाटतं की सगळंच नव्यानं शिकायचंय. तसं नाही. 'हिमनगाचं टोक' हा वाक्प्रचार महाराष्ट्रात कुठल्या आजीनं दिला असेल? तो इंग्रजीतून शब्दशः आला आहे. 'पांढरा हत्ती पोसणे', 'लालफीत', 'सुवर्णमध्य', 'लाल गालिचा अंथरणे' हेही त्याच वाटेनं आलेले. लालफितीचं चित्र तर आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाची कागदपत्रं तांबड्या फितीनं बांधायची रीत होती, इंग्रज ती इथे घेऊन आले, आणि तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत फायलींचे गठ्ठे तसेच बांधले गेले.

पण ओळखीच्या पाहुण्याचा स्वभाव इथे येऊन बदललेला असू शकतो. 'सिंहाचा वाटा' घ्या. इसापाच्या गोष्टीत सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो, वाटे पाडतो आणि काही ना काही कारण सांगून सगळे वाटे स्वतःच घेतो. इंग्रजीत 'लायन्स शेअर' म्हणजे सगळ्यांत मोठा हिस्सा, बहुतेकदा कुणी घेतलेला. मराठीत मात्र सत्कार समारंभात आपण म्हणतो, 'संस्थेच्या उभारणीत अण्णांचा सिंहाचा वाटा आहे'. तिथे वाटा घेतलेला नाही, दिलेला आहे. हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेलं तर अण्णांनी संस्थेतून सगळं उचलून नेलं असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं.

क्रिकेटचे वाक्प्रचार तर तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. बॅकफूटवर जाणे, हॅटट्रिक, क्लीन बोल्ड होणे हे मराठी बातम्यांत रोज येतं. फक्त 'स्टिकी विकेट' नवं वाटेल : पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की त्या चिकट होत आणि चेंडू कसाही उसळे. अडचणीच्या परिस्थितीला म्हणून ते नाव.

पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या अमेरिकेसाठी काम करतात, तिथे क्रिकेट उपयोगी पडत नाही, बेसबॉल लागतं. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. आणि 'रेन चेक' नीट समजून घ्या. पावसानं सामना थांबला तर तिकिटाच्या उरलेल्या तुकड्यावर पुढचा सामना बघता यायचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही पद्धत आली. तुम्ही कुणाला जेवायला बोलावलं आणि तो 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणाला, तर त्यानं सौम्यपणे नाही म्हटलेलं आहे. माझा एक विद्यार्थी हे ऐकून पाऊस कधी थांबेल याची वाट बघत बसला होता. त्याला ते आधी कुणी सांगायला हवं होतं.

चौथी पायरी : गोष्टीला साल विचारा

वाक्प्रचारांच्या मुळाच्या म्हणून ज्या गोष्टी मोबाइलवर फिरतात त्यातल्या पुष्कळ रचलेल्या आहेत. १९९९ मध्ये सोळाव्या शतकातल्या जीवनाविषयी एक लांबलचक इंग्रजी ईमेल जगभर फिरली आणि तिच्यातल्या गोष्टी अजून फिरताहेत. त्यातली एक 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची : म्हणे गवती छपरात कुत्री-मांजरं झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. कोकणातलं गवतानं शाकारलेलं घर पाहिलेल्या माणसाला हे पटणारच नाही. पाऊस आला की मांजर आडोसा शोधतं, छपराच्या माथ्यावर जाऊन बसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे छापील दाखले सतराव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात आणि आजचं रूप जोनाथन स्विफ्टनं १७३८ मध्ये छापलेलं आहे. चांगले कोश मूळ अनिश्चित आहे असं सरळ लिहितात. ज्या कोशात असं लिहायची तयारी असते, त्यावर विश्वास ठेवावा.

तपासायची रीत सोपी आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश प्रत्येक शब्दाचे छापील दाखले सालांसकट क्रमानं देतो. वाक्प्रचाराचा सर्वांत जुना दाखला कोणत्या सालचा हे बघायचं आणि गोष्टीतली घटना कधीची हे बघायचं. घटना दाखल्यानंतरची असेल तर गोष्ट खोटी.

'बाइट द बुलेट' घ्या. आपल्याकडे कुणीतरी हमखास सांगतं की हा १८५७ च्या काडतुसांवरून आला. त्या काडतुसांचं कागदी वेष्टण दातानं फाडावं लागे, गोळी चावावी लागत नसे. शिवाय फ्रान्सिस ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशात, १७९६ च्या आवृत्तीत, फटके खाताना तोंडून आवाज निघू नये म्हणून गोळी चावणाऱ्या सैनिकांचा उल्लेख आहे. म्हणजे गोळी चावण्याची ही रीत १८५७ च्या साठ वर्षं आधीची. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनं १८९१ च्या कादंबरीत 'बाइट ऑन द बुलेट' वापरलं, तिथे तो आजच्या अर्थाजवळ येतो : टाळता न येणारं दुःख मन घट्ट करून सोसणं.

'रूल ऑफ थम्ब'ची गोष्ट जास्त त्रासदायक आहे. अंगठ्याएवढ्या जाड काठीनं नवऱ्यानं बायकोला मारायला इंग्लंडच्या कायद्यात परवानगी होती आणि तिथून हा शब्द आला, असं गंभीरपणे सांगितलं जातं. असा कायदा नव्हता. न्यायमूर्ती बुलर असं काही बोलल्याची आवई १७८२ मध्ये उठली आणि व्यंगचित्रकार गिलरेनं त्यांना 'जज थम्ब' म्हणून रंगवलं. वाक्प्रचार मात्र त्याआधी शंभर वर्षांपासून छापलेला आढळतो, साधा अंगठ्यानं माप घेण्याचा. आपला 'ठोकताळा' म्हणजे अगदी हेच.

पाचवी पायरी : वजन तोलून मराठी जोडीदार लावा

'मीट युअर वॉटर्लू' आणि 'पानिपत होणे' ही जोडी पहिल्या नजरेला जुळ्यांची वाटते. एक लढाई १८१५ ची, दुसरी १७६१ ची, दोन्हींत कायमचा पराभव. पण वॉटर्लू इंग्रजांनी जिंकलं होतं. नेपोलियनचा पराभव ते बाहेरून बघतात, त्यामुळे हा वाक्प्रचार ते एखाद्या फसलेल्या केकबद्दलही हसत वापरतात. पानिपतात आपली माणसं गेली. वर्तमानपत्रं क्रिकेटच्या हरण्यालाही पानिपत म्हणतात हे खरं, तरी त्या शब्दाच्या तळाशी घरचं सुतक आहे. जोडी लावताना वहीत एवढंच लिहा : हलकं, मध्यम की जड.

काही वाक्प्रचारांचं मूळ कळलं की ते जपूनच वापरावेसे वाटतात. 'सोल्ड डाउन द रिव्हर' म्हणजे विश्वासघात. ही नदी मिसिसिपी. अमेरिकेत उत्तरेकडच्या गुलामांना घरच्यांपासून तोडून नदीच्या खालच्या अंगाला कापसाच्या मळ्यांवर विकत, तिथलं जिणं जास्त हालाचं होतं. ऑफिसमध्ये बदली नाकारली गेली म्हणून हे शब्द तोंडात घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. ऐकलं तर कळावं, एवढ्यासाठी शिकायचं.

सहावी पायरी : साचा मोडू नका, देश विसरू नका

'नाकी नऊ आले' म्हणतात, 'नाकी दहा' होत नाहीत. तसंच 'बकेट'च्या जागी दुसरा शब्द घातला, अनेकवचन केलं, 'द' काढून टाकला, की कुणीतरी खरीच बादली लाथाडली असा अर्थ होतो. बदलायचा तो क्रियापदाचा काळ आणि 'माय', 'हिज', 'हर' एवढंच.

'टेबल' हे क्रियापद ब्रिटिश मीटिंगमध्ये आलं तर विषय चर्चेला घेतला, अमेरिकन मीटिंगमध्ये आलं तर विषय बाजूला ठेवला. समोर कोण बसलंय ते बघून अर्थ लावा.

बोलायची घाई करू नका. एखादा वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला की मग आपण वापरावा. शाळेत पहिला शिकवलेला 'कॅट्स अँड डॉग्ज' तिकडचे लोक आता फारसा बोलत नाहीत. 'इट्स पोअरिंग' म्हटलं की पुरतं.

वहीतलं एक पान

त्या मुलीनं नंतर नवी वही केली, मधली रेघ नसलेली. एका वाक्प्रचाराला एक सबंध पान. तिच्या परवानगीनं त्यातलं एक पान इथे देतो. हा वाक्प्रचार तिनं मुद्दाम निवडला, कारण तो ज्या गावावरून आला तिथून तिचं घर रिक्षाच्या अंतरावर आहे.

गो डुलॅली.

ऐकलं कुठे : ब्रिटनमधल्या ग्राहकाशी कॉलवर. 'दिस सॉफ्टवेअर हॅज गॉन डुलॅली.' हसत म्हणाला.

माझा अंदाज : बंद पडलं. चुकीचा.

अर्थ : डोकं फिरणं, सैरभैर वागणं.

घर : सैन्याची छावणी. डुलॅली म्हणजे आपलं देवळाली. इंग्रज सैनिकांची मुदत संपली की त्यांना मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी इथल्या छावणीत आणून ठेवत. जहाजं हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत, त्यामुळे चुकीच्या वेळी आलेल्यांना कितीतरी महिने काम नाही, लढाई नाही, नुसतं ऊन आणि वाट बघणं. काही जण आजारी पडत, काहींचं डोकं फिरे. सैनिक त्याला 'डुलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप.

वजन : हलकं. घरगुती, चेष्टेतलं. खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल वापरायचं नाही.

मराठी जोडीदार : भंजाळणे.

माझं वाक्य : 'द प्रिंटर हॅज गॉन डुलॅली अगेन.' आज ऑफिसमध्ये म्हणून पाहिलं. साहेबांना अर्थ माहीत नव्हता. मी त्यांना देवळाली कॅम्पची गोष्ट सांगितली.